डाव्या बाजूची बाई

परीक्षेच्या आधीच समाधान विचारायचं, ही अक्कल कुणाची होती ते मला अजून कळलेलं नाही. ताट वाढायच्या आधी पोट भरलं का विचारल्यासारखं. पण आमच्या मेडिकल कॉलेजात तसंच झालं. पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमीच्या तासाला मॅडमनी सगळ्यांच्या फोनवर एक लिंक पाठवली आणि म्हणाल्या, "थ्रीडी अ‍ॅपबद्दल मत भरा. आत्ता भरा, मी थांबलेय." प्रत्येक प्रश्नाखाली पाच पिवळे चेहरे होते, रडक्यापासून खदखदून हसणाऱ्यापर्यंत. अ‍ॅपमुळे विषय सोपा वाटतो का? अ‍ॅप वापरताना मजा येते का? मैत्रिणीला सुचवाल का? मॅडम बाकांमधून फिरत होत्या. कोण कुठला चेहरा दाबतंय ते त्यांना दिसत होतं आणि त्यांना दिसतंय हे आम्हाला दिसत होतं.

मी सगळीकडे खदखदून हसणारा दाबला. मॅडमच्या धाकाने दाबला असता तर आज एवढी चिडचिड झाली नसती. पण मी तेव्हा खरंच खूश होते हो! तेच तर डोक्यात जातं.

खूश का नसणार? डिसेक्शन हॉलमध्ये टेबलावर एक देह आणि त्याच्याभोवती अख्खा घोळका. उंच पोरं पुढे घुसायची. मी दौंडची, रेल्वे कॉलनीत धक्काबुक्कीत वाढलेली, पण उंचीला काय करणार? मला मागून फक्त पोरींच्या वेण्या आणि पांढऱ्या अ‍ॅप्रनची पाठ दिसायची. फॉर्मलिननं डोळ्यांना धार लागायची, नाक चुरचुरायचं, आणि सर आतून म्हणायचे, "दिसलं ना सगळ्यांना?" सगळे म्हणायचे, "हो सर." मीही म्हणायचे. डोंबल दिसलं होतं!

अ‍ॅपमध्ये कसं, हॉस्टेलच्या कॉटवर पालथं पडायचं आणि बोटाने माणसाची कातडी काढायची. मग एकेक स्नायू बाजूला. खाली पिवळ्या नसा, लाल रक्तवाहिन्या, निळ्या शिरा. चुकलं तर परत लावायचं. बोट टेकवलं की नाव येतं, बाई गोड आवाजात इंग्रजीत उच्चार करून दाखवते. माझी रूममेट शिरूरची, तिच्या अब्बांचं तिथल्या बाजारपेठेत शिलाईचं दुकान. ती तर त्या अ‍ॅपवर जीव टाकायची. मानेतल्या नसा कुठून कुठे जातात ते तिला अ‍ॅपमुळेच कळलं, आणि तिचं ते म्हणणं खरं होतं. ते मी नाकारत नाही.

पण त्यातही नाटकं काही कमी नव्हती. माझा फोन जुना. हृदय फिरवायला घेतलं की तव्यासारखा तापायचा आणि बरोबर झडपा उघडायच्या वेळी अ‍ॅप बंद पडायचं. सुट्टीत दौंडला आले की क्वार्टरमध्ये रेंज नाही. मागच्या दारात, नळापाशी, एका हाताने फोन वर धरून मी यकृत शोधायचे. शेजारच्या काकू विचारायच्या, "काय हरवलं गं?" आणि अ‍ॅपमधला माणूस म्हणजे फक्त पुरुष. बाईचं शरीर वेगळ्या बटणाखाली होतं आणि ते बटण आमच्या कॉलेजने घेतलेल्या अ‍ॅपमध्ये बंदच होतं. दाबलं की कुलपाचं चित्र यायचं. वर्गात निम्म्या पोरी, आणि आम्ही शिकतोय कुणावर, तर गोऱ्यापान, पिळदार दंडांच्या एका बाप्यावर.

तरीही अ‍ॅपवर सगळ्यात जास्त समाधानी कोण होतं सांगू? माझी आई. तिला कुणी फॉर्म पाठवला नाही एवढंच.

त्याचं कारण हाफ सेट. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला पोरं हाडांचा निम्मा संच बाळगतात, त्याला हाफ सेट म्हणतात. खरी हाडं, माणसाची. सीनियरकडून ज्युनियरकडे, त्याच्याकडून त्याच्या ज्युनियरकडे, अशी ती पिशवी वर्षानुवर्षं फिरत राहते. मूळ कुणाची, कुठून आली, हे कुणालाच ठाऊक नसतं आणि कुणी विचारतही नाही. माझ्या अ‍ॅडमिशनच्या वेळी आईच्या कानावर हे आलं मात्र, तिने तिथेच सांगून टाकलं, "तसलं कायबी माझ्या घरात यायचं न्हाई."

आमच्या घरात भुताखेतांना कुणी मानत नाही. आम्ही बौद्ध. आई बुद्धवंदनेला नियमाने जाते आणि अंगात येणाऱ्या बायांची यथेच्छ टिंगल करते. तिचं दुखणं वेगळंच होतं. माझे पप्पा रेल्वेत ट्रॅकमन आहेत. दौंड मोठं जंक्शन, गाड्यांची ये-जा थांबत नाही आणि रुळांवर माणसंही येतात. कुणी गाडीखाली सापडलं की पोलीस येईपर्यंत ट्रॅकमनलाच त्या देहापाशी थांबावं लागतं. वर चादर टाकायची, कुत्री हाकलायची आणि बसून राहायचं. कधी नातेवाईक धावत येतात. कधी कुणीच येत नाही. तसल्या दिवशी पप्पा घरी येऊन अंघोळ करायचे आणि जेवताना एकच वाक्य बोलायचे, "आजचा बेवारस गेला." आई तेव्हापासून म्हणायची, "ह्या पोरांच्या पिशव्यांत कोन असतंय मग? आसाच कोन तरी. विचारलं व्हतं का त्याच्या घरच्यांना?"

म्हणून अ‍ॅप आलं तेव्हा आईला केवढा आनंद! "बघ, आता मोबाईलमधीच समदं. कुनाच्या हाडाला हात लावायला नको." कॉलेजनेही तेच केलं. म्युझियमच्या खोलीत हाडांचे ट्रे होते, तिला कुलूप लागलं. चावी मागायला गेलं की उत्तर ठरलेलं, "अ‍ॅपवर बघा ना, तिथे जास्त क्लिअर दिसतं." तपासणीला येणाऱ्या पाहुण्यांना मोठ्या पडद्यावर तो गोरा बाप्या फिरवून दाखवायचे.

आणि मग प्रॅक्टिकल परीक्षा आली.

परीक्षक बाहेरच्या कॉलेजचे, वयस्कर, तोंडावर रेष हलत नव्हती. त्यांनी ट्रेमधून एक हाड उचलून माझ्या हातात दिलं. गळ्याखाली आडवं असतं ते, कॉलरबोन. मला इतकं हायसं वाटलं! सोप्पं हाड. त्याला कोणकोणते स्नायू चिकटतात, मला सगळं तोंडपाठ.

ते म्हणाले, "साइड?"

म्हणजे डावीकडचं की उजवीकडचं. परीक्षेत हाताला हाड दिलं की पहिला प्रश्न हाच असतो, ही शंभर वर्षांची रीत. मी हाडाकडे बघितलं. हाडावर नाव नव्हतं. ते पिवळट, गुळगुळीत, हाताहातांतून झिजलेलं होतं. अ‍ॅपमध्ये हाड कधी सुटं हातात येतच नाही हो, ते आपल्या जागेवरच असतं आणि खाली लिहिलेलं असतं, लेफ्ट, राइट. मी गडबडले आणि माझ्या हाताने काय करावं? दोन बोटं त्या हाडावर टेकवली आणि फाकवली. मोठं करायला!

परीक्षक शांतपणे म्हणाले, "ते मोठं होत नसतं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. माझे कान लाल झाले. मी घाईघाईने हाड आडवं धरलं, फुगवटा पुढे, चपटं टोक खांद्याकडे, आणि ठोकून दिलं, "उजवं." त्यांनी माझ्या हातातल्या हाडावर बोट ठेवलं. वरच्या अंगाला एक लांबट खाच होती. ती खाच खाली असायला हवी. म्हणजे मी हाड पालथं धरलं होतं आणि ते होतं डावं. स्क्रीनवर ती खाच निळ्या रंगात असते. खऱ्या हाडाला निळा रंग कोण देणार? आणि स्क्रीनवर हाड पालथं धरायची सोयच नाही, तर ते सुलटं धरायला शिकणार कुठून?

"पुढचं घ्या," ते म्हणाले. पुढचं एकही हाड मला धड सांगता आलं नाही. नापास.

माझ्याबरोबर आणखीही पोरं आपटली. मॅडमनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, "आश्चर्य आहे. फीडबॅकमध्ये तर तुम्ही सगळे पूर्ण समाधानी होता."

मी रागाने इतकी फुगले होते की तोंड उघडलं असतं तर कॉलेजमधून काढलंच असतं.

फेरपरीक्षा दीड महिन्याने होती. तीही गेली तर मी वर्षाने मागे पडणार होते. माझी बॅच पुढे जाणार, रूममेट पुढे जाणार, आणि मी नव्या पोरांबरोबर परत पहिल्या बाकावर. दौंडमध्ये आमच्या कॉलनीत मेडिकलला गेलेली मी पहिली. बाजारात पप्पांना लोक "डॉक्टरीणबाईचे वडील" म्हणायला लागले होते. त्या माणसाला मी काय तोंड दाखवणार होते? अ‍ॅप उघडलं की त्या गोड आवाजाच्या बाईचा गळा दाबावासा वाटायचा.

शेवटी रूममेटनेच मार्ग काढला. तिची मोठी बहीण हेच शिकून डॉक्टर झालेली. तिचा हाफ सेट शिरूरच्या घरी माळ्यावर तसाच पडून होता. आम्ही दोघी गेलो. तिच्या अम्मींनी स्टुलावर चढून गाठोडं काढलं. पांढऱ्या कापडात नीट गुंडाळलेलं, वर सुतळी. धूळ झटकली आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "संभालके ले जा बेटी." वर डब्यात शिरखुर्मा दिला. परीक्षेत नापास होऊन कुणाच्या घरी शिरखुर्मा मिळणारी मी एकटीच असेन.

गाठोडं पिशवीत घालून, ती मांडीवर घेऊन मी शिरूरहून एसटीने निघाले. न्हावऱ्यापर्यंत बरं होतं. पुढे रस्ता असला भारी की दर खड्ड्याला पिशवी खळखळायची. शेजारचे आबा बराच वेळ बघत होते. "काय हाय गं पोरी? भांडी का?"

"अभ्यासाचं सामान हाय, आबा."

"लईच वाजतोय की आभ्यास," ते म्हणाले आणि झोपी गेले. चौफुल्यापर्यंत मी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसले.

घरी आले तेव्हा आई व्हरांड्यात मेथी निवडत होती. पिशवी बघितली आणि ताडकन उठली. मी काही बोलायच्या आतच तिला कळलं.

"न्हाई," ती म्हणाली.

"आई, ऐकून तरी घे."

"एकदा सांगितलं न्हवं? घरात न्हाई."

"मी नापास झालेय! कळतंय का तुला? त्या तुझ्या लाडक्या अ‍ॅपनं मला नापास केलंय!"

"माझं लाडकं कवा झालं ते? आन् अ‍ॅप न्हाई नापास झालं, तू झालीस."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, ती ओरडली. शेजारच्या काकू नळ सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. आईचा आवाज खाली आला पण ती हटली नाही. "तुझा बाप रुळापाशी ज्याला राखत बसतो, त्योच आसंल ह्या पिशवीत. मेल्यावर त्याला कुनी नेलं न्हाई, आन् आता आपन त्याच्यावर आभ्यास करायचा? मला न्हाई सोसत. तुला करायचा तर कर, पन उंबऱ्याच्या आत न्हाई."

मग मी व्हरांड्यातच बसले. हट्टाने. पिशवी बाकाखाली, चपलांच्या रांगेशेजारी. गोणपाट अंथरलं आणि हाडं मांडून एकेक हातात घेऊन बघायला लागले. काय अभ्यास होणार तिथे? मालगाडी गेली की हाडं आपोआप सरकायची. कॉलनीतल्या बायका मुद्दाम आमच्या दारावरून पाण्याला जायला लागल्या. एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, खरी हायत?" मी म्हणाले, "न्हाई, साखरेची हायत." त्यांनी आईकडे तक्रार केली ती वेगळीच. मांडीचं हाड हातभर लांब, ते नेमकं त्या काकूंकडेच तोंड करून पडलेलं असायचं.

पप्पा ड्यूटीवरून आले. त्यांनी हाडं बघितली, मला बघितलं, आत आईचं तोंड बघितलं. बूट काढले. ते रोज बाकाखाली ठेवायचे. आज तिथे वाकले, पिशवी बघून थांबले आणि बूट उचलून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले. मग मला विचारलं, "जमंल का?"

"माहीत न्हाई, पप्पा," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. सगळ्या कॉलनीसमोर, हातात कुणाचं तरी पायाचं हाड धरून.

असे बरेच दिवस गेले. माझी प्रगती म्हणाल तर गोगलगायीची. आई रोज दुपारी चहाचा कप उंबऱ्यावर ठेवायची आणि आत निघून जायची. आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत होतो. फेरपरीक्षा जवळ येत चालली होती.

एक दिवस चहा ठेवून आई आत गेली नाही. उंबऱ्यावरच बसली. पदराने मान पुसत गोणपाटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाप्या हाय का बाई?"

मी चमकले. इतके दिवस ती हाडं हाताळत होते आणि हा प्रश्न मला पडलाच नव्हता! माझ्या डोक्यात सगळी हाडं त्या गोऱ्या बाप्याचीच होती. मी कमरेचं हाड उचललं. त्याच्या मागच्या कडेला एक खोबण असते. त्यात अंगठा घालून हलवायचा. अंगठा अडकून बसला तर पुरुष, ऐसपैस हलला तर बाई. हे पुस्तकात वाचलेलं, पण करून कधी बघितलं नव्हतं. मी अंगठा घातला. तो इकडून तिकडे मोकळा फिरला. परत घातला. परत फिरला.

"बाई हाय, आई."

आई उंबऱ्यावरून जरा पुढे सरकली. मग म्हणाली, "लेकरं व्हती का तिला?"

"ते हाडावरून कसं कळणार?"

"वय?"

"मोठी असणार. हाडं पक्की झालीत सगळी."

आई उठली. मला वाटलं आत चालली. पण ती बाकाशी गेली, पिशवीकडे बघितलं, चपलांकडे बघितलं आणि माझ्यावर फाडकन उखडली. "बाई मानूस हाय आन् तू तिला चपलांत ठिवलीस? समद्या कॉलनीनं बघायला? काय अक्कल हाय का न्हाई तुला? आन आत!"

"अगं तूच म्हणालीस ना, उंबऱ्याच्या आत—"

"आन म्हनलं न्हवं? उचल!"

असा संताप आला मला! इतके दिवस मी उन्हातान्हात, धुळीत, बायकांचे टोमणे खात तिथे बसले होते, आणि अक्कल कुणाची काढतेय, तर माझी. भांडायला तोंड उघडलं होतं, पण आई वाकून स्वतःच्या हाताने हाडं गोळा करायला लागली. जिने त्या पिशवीला इतके दिवस पदराचा वारा लागू दिला नव्हता, ती दोन्ही हातांनी एकेक हाड उचलून ओच्यात ठेवत होती. मी गुपचूप गोणपाट गोळा केलं.

आत कॉटवर तिने आपलं जुनं सुती लुगडं अंथरलं. हाडं त्यावर मांडली. मग समोर मांडी घालून बसली आणि एक हाड उचलून म्हणाली, "हां. सांग. ही कुठल्या बाजूची?"

"डावी."

"ही?"

"डावी."

"आन् ही?"

"डावीच."

तिने हाड खाली ठेवलं. "मला येडी समजतीस का? समदीच डावी कशी?"

मी समजावून सांगितलं. एका सांगाड्याचे दोन वाटे करतात. एकाला डावे हातपाय, दुसऱ्याला उजवे. म्हणून तर हाफ सेट. आपल्याकडे डावा वाटा आलाय.

"आन् उजवा?"

"दुसऱ्या कुणाकडं तरी गेला असंल."

"कुनाकडं?"

"मला काय माहीत, आई! किती वर्षं झाली असतील. कुणालाच माहीत नसतं."

आई लुगड्यावरच्या हाडांकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आगं, निम्मी बाई इथं आन् निम्मी कुठं," एवढंच म्हणाली. तोपर्यंत हाफ सेट हा शब्द मी शंभर वेळा तोंडातून काढला असेल, पण कशाचा हाफ, हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

सगळी हाडं डावी, तर डावं-उजवं शिकायचं कसं? ते आम्हाला त्या कॉटवर सुचलं. हाड अंगावर लावून बघायचं. माझ्याच गळ्याखाली मला नीट दिसेना, म्हणून मी आईला म्हणाले, "तुझ्या लावू का?" ती क्षणभर थबकली. मग पदर सरळ करून मान ताठ केली. मी ते कॉलरबोन तिच्या गळ्याखाली डावीकडे टेकवलं. फुगवटा पुढे, चपटं टोक खांद्याला, खाच खाली. आतल्या हाडावर ते बाहेरून असं बरोबर बसलं की आई दचकली. "गार हाय गं," ती म्हणाली. मग उजवीकडे लावलं. काही केल्या बसेना. फुगवटा पुढे आणला तर खाच वर येई, खाच खाली केली तर फुगवटा पाठीकडे जाई. "हितली न्हाई ही," आई म्हणाली आणि हाड हळूच परत डावीकडे सरकवून त्यावर हात धरून बसली.

त्यानंतर रोज तेच. दंडाचं हाड आईच्या दंडाला, नडगी नडगीला. ती डोळे मिटून बसायची, मी लावायचे. अ‍ॅपवरच्या बाप्याने कधी म्हटलं नव्हतं, "उलटं लावतीयास, टोचतंय." आई म्हणायची. आणि दर वेळी मांडामांड झाली की लुगड्याचे पदर वरून झाकून टाकायची.

फेरपरीक्षेला तेच परीक्षक. त्यांनी मला ओळखलं असावं, कारण ट्रेवर हात फिरवून त्यांनी नेमकं कॉलरबोनच उचललं. माझी दोन बोटं परत शिवशिवली, खोटं कशाला बोलू. मी मूठ आवळली. मग हाड घेतलं आणि सरळ माझ्या गळ्याखाली डावीकडे लावलं. बसेना. उजवीकडे लावलं. बसलं.

"उजवं," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की, सर. डावं कसं बसतं ते मला माहीत आहे."

त्यांनी पुढचं हाड दिलं. मग त्याच्या पुढचं. एकही चुकलं नाही.

निकाल लागला तेव्हा मी दौंडलाच होते. पास! पप्पांनी स्टेशनजवळून बालुशाही आणली. आईने माझ्या तोंडात घातली, आणि लगेच विचारलं, "मंग आता ती जानार?"

रीत तशीच होती. आपलं वर्ष झालं की पिशवी पुढच्या पोरीला द्यायची. रूममेटच्या बहिणीनेही तेच सांगितलं होतं, "तेरा हुआ तो आगे दे दे."

त्याच सुमाराला नवीन बॅच आली आणि मॅडमची लिंक परत आली. आता सीनियर म्हणून मत हवं होतं. या वेळी मी रडका चेहरा दाबला, दणकून. तर फॉर्म पुढेच जाईना. म्हणे कारण निवडा. कारणं तीन: फोन जुना आहे, नेटवर्क नाही, इंग्रजी समजत नाही. चौथं 'इतर', त्यात जेमतेम दोन शब्द मावायचे. मी दातओठ खात किती तरी वेळ त्या दोन शब्दांच्या खिडकीकडे बघत बसले, आणि शेवटी फॉर्म तसाच बंद केला. मॅडमच्या लेखी माझं मागचंच उत्तर कायम असेल. पूर्ण समाधानी.

मग खुटबावच्या एका ज्युनियर पोरीचा फोन आला. बिचारी घाबरलेली. "ताई, तुमच्याकडं हाफ सेट हाय ना? मला द्याल का? फक्त घरात नको म्हनत्यात. आई म्हनती, लांब गोठ्यात ठिव, जनावरांच्या चाऱ्याखाली."

आई शेजारीच बसली होती. लुगड्यातली हाडं ती नव्या कापडात बांधत होती, शिरूरच्या अम्मींनी बांधली होती तशीच. फोनमधला आवाज तिने ऐकला आणि हात पुढे केला. "आन इकडं."

"अगं, पोरीचा फोन आहे—"

"पोरीशी न्हाई बोलायचं मला." तिने फोन घेतला. "पोरी, तुझ्या आईला दे."

पलीकडे काहीतरी खुडबुडलं. एक बाई, बिचकत, "हॅलो?" म्हणाली. आईने मांडीवरच्या गाठोड्यावर हात ठेवला आणि आवाज एकदम मऊ केला, कुणाची सोयरीक बोलावी तसा.

"ताई, मी दौंडवरनं बोलती. बाई हाय ती. निम्मीच हाय, डाव्या बाजूची. घरात घ्या तिला."